पंचेचाळीस मिनिटं

चावी माझ्या हातात देताना हर्षला वैती म्हणाली,
"दोन दिवस कुरकुरत होता. काल चेंबूर नाक्यावर
किंचाळला, मग गप्पच झाला."
सहा वर्षं जुनी पिकअप. हौद्यात थर्माकोलची खोकी,
फळीतून बर्फाचं पाणी अजून टपटपतंय
कुर्ल्याच्या या गल्लीत, जिथं सावलीसुद्धा तेलकट आहे.

मागं दोनशे किलो बर्फ
आणि पुढं बाई पहाटे तीनपासून घामानं निथळत.
हसू येतं, हसत नाही.
आमच्या धंद्यात गाडीवर हसावं, गिऱ्हाइकावर नाही.

बेल्ट काढला. पुली हातानं फिरवून बघितली, फिरेना.
उरलासुरला गॅस काढून घेतला, पाइप सोडला,
आत बोट घालून बाहेर काढलं:
काळं तेल, त्यात चमचमता चुरा.
"हे तर खवलं," ती वाकून म्हणाली.
नाही ताई, ही याचीच हाडं.
स्वतःच स्वतःला दळत बसला होता.

तिनं सेकंडहँडचा भाव विचारला. सगळेच विचारतात.
सांगितला. मग हेही सांगितलं की
दुसऱ्याच्या गाडीतून उतरलेला कॉम्प्रेसर
आपलं दुखणं सांगून येत नाही;
आणि नवा लावून पाइप तसेच ठेवले
तर हा चुरा त्यालाही आठ दिवसांत खाईल.
कंडेन्सर धुवायचा, ड्रायर बदलायचा, व्हॉल्व्हही,
प्रत्येक जोडाला नवी हिरवी रिंग.
ती बोटांवर मोजत गेली,
हलवा किती, सुरमई किती, असं काहीतरी पुटपुटत.
"लाव नवा."

मुनीर गाडीखाली, मी वरून.
चार बोल्ट. तीन सुटले.
चौथा खारं पाणी पिऊन पिऊन गंजलेला,
त्यानं आमचं दुपारचं जेवण खाल्लं.

तेल मोजून घातलं, व्हॅक्यूम पंप जोडला.
आता पंचेचाळीस मिनिटं काही करायचं नसतं.
आतली हवा जाते, ओल जाते,
सुई शून्याखाली उतरते
आणि पंप बंद केल्यावरही तिथंच राहावी लागते.
थंडी भरायच्या आधी सगळं रिकामं करावं लागतं:
हे मला उस्मानभाईनं शिकवलं, मी मुनीरला.
याचा आणखी काही अर्थ होतो का, कुणी विचारलं नाही.

"एसीशिवायही गाडी चालते की," मी उगाच बोललो.
"मला कुठं हवाय? साडेसहाला पोरीला घरून घेते,
घाटकोपरला क्लास असतो तिचा.
काच उघडी असली की सिग्नलला
रिक्षातली माणसं नाकाला रुमाल लावतात.
मी त्यांना दात काढून दाखवते.
पण प्रचिती पुस्तकात मान घालून बसते,
आणि पान उलटत नाही.
काच वर असली की उलटतं."

मी गेजकडं बघितलं. सुई हलली नव्हती.

पाचशे साठ ग्रॅम गॅस. क्लच टक् करून धरला.
निळा काटा तिसावर आला.
जाळीतून आधी गरम वारा, मग कोमट,
आणि मग एकदम गार,
त्या गारव्यासोबत सहा वर्षं कॉईलवर बसलेली
सुरमई, कोलंबी, ओले बोंबील, सगळं तोंडावर.
मुनीर एक पाऊल मागं सरला.
माझा हात नाकाकडं निघाला होता,
अर्ध्या वाटेत त्यानं गालावरचा घाम पुसला.
तिनं बघितलं.

"कॉईलपण धुतो," मी घाईघाईनं म्हणालो,
"अर्धा तास फक्त. पैसे नकोत."
"पैसे घ्यायचे," ती म्हणाली. तेवढंच.
पंखा माझ्यामागं खडखडत राहिला.
मी तीनशे सांगितले.
"अडीचशे."
तेव्हा कुठं मला बरं वाटलं.